कॅप्नोग्राफवरचा आकडा आणि एबीजीचा आकडा जुळत नाही, तेव्हा कोणता खरा मानावा?

प्रश्न – अतिदक्षता विभागातील परिचारिका

नमस्कार. सहा वर्षे सर्जिकल वॉर्डात काम केल्यानंतर मी अलीकडेच अतिदक्षता विभागात रुजू झाले आहे. आमच्याकडे व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णाला कॅप्नोग्राफ जोडलेला असतो आणि त्यावर दिसणारा ईटीसीओटू, म्हणजे श्वास सोडण्याच्या अगदी शेवटी मोजला जाणारा कार्बन डायऑक्साइडचा दाब, आम्ही दर तासाला चार्टवर लिहितो. निरोगी माणसात तो ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो आणि धमनीतल्या रक्तातल्या दाबापेक्षा साधारण २ ते ५ ने कमी भरतो, एवढे मला प्रशिक्षणात शिकवले होते.

सध्या माझ्याकडे सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचे आकसणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचे, एक वयस्कर रुग्ण आहेत. व्हेंटिलेटरवरचा त्यांचा आज तिसरा दिवस आहे. मॉनिटरवर ईटीसीओटू सातत्याने २९ च्या आसपास दिसतो, परंतु सकाळच्या एबीजीमध्ये, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या वायुतपासणीत, पीएसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब) ५४ आला. म्हणजे २५ चा फरक पडला. ड्यूटीवरच्या एका डॉक्टरांनी यंत्र बिघडले आहे असे सांगून अलार्म बंद करायला लावला. माझ्या एका सहकारी परिचारिकेचे म्हणणे याच्या उलट होते. २९ म्हणजे रुग्णाला गरजेपेक्षा जास्त श्वास दिले जात आहेत, तेव्हा व्हेंटिलेटरचा रेट कमी करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे, असे तिला वाटले.

यंत्र खरोखर बिघडले आहे का, हे पाहण्यासाठी मी कॅप्नोग्राफचे तेच मॉड्यूल (मोजणारा भाग) नवी सॅम्पलिंग लाइन (हवा ओढणारी बारीक नळी) लावून शेजारच्या खाटेवरच्या, शस्त्रक्रिया होऊन आलेल्या रुग्णाला थोडा वेळ जोडले. तिथे मॉनिटरवर ३६ दिसले आणि त्याच वेळच्या एबीजीमध्ये ४० आले. म्हणजे यंत्र ठीक असावे. मात्र एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. मॉनिटरवर दर श्वासाला कार्बन डायऑक्साइडची जी लहर उमटते, ती शेजारच्या रुग्णाची एखाद्या खोक्यासारखी चौकोनी होती, तर माझ्या रुग्णाची लहर छपराच्या उतरणीसारखी एका बाजूने हळूहळू चढत जात होती आणि सपाट होण्याआधीच खाली कोसळत होती.

माझे प्रश्न असे आहेत. दोन्ही यंत्रे बरोबर असतील, तर आकडे वेगळे का येतात? आणि ते जुळत नसतील, तर दर तासाला ईटीसीओटू लिहून ठेवण्याला काही अर्थ आहे का?

उत्तर – भूलतज्ज्ञ

सिस्टर, मॉड्यूल दुसऱ्या रुग्णाला लावून पाहण्याची आपली कल्पना फार चांगली होती आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आले आहे. यंत्र बरोबर आहे आणि एबीजीही बरोबर आहे. फरक रुग्णाच्या फुफ्फुसात आहे.

एक श्वास बाहेर पडताना काय घडते, ते क्रमाने पाहू. प्रौढ माणसाच्या साधारण ५०० मिलिलिटरच्या श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांमध्येच राहते. तिथे रक्ताशी वायूंची देवाणघेवाण होत नसल्याने या हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतो आणि श्वास सोडताना हीच हवा सर्वांत आधी बाहेर येते, म्हणून लहरीचा पहिला तुकडा शून्यावर सपाट राहतो. त्यानंतर वायुकोशातली हवा मिसळू लागते आणि रेषा सरळ वर चढते. पुढे निव्वळ वायुकोशातली हवा येऊ लागली की रेषा पठारासारखी जवळजवळ आडवी होते. त्या पठाराचे शेवटचे टोक म्हणजे ईटीसीओटू. पुढचा श्वास आत जाऊ लागला की रेषा एकदम शून्यावर येते. शेजारच्या रुग्णाच्या मॉनिटरवर आपल्याला दिसलेले खोके हेच आहे.

हे पठार आडवे राहण्यासाठी फुफ्फुसातले बहुतेक वायुकोश एकाच सुमारास रिकामे व्हावे लागतात. सीओपीडी किंवा दम्याचा झटका असलेल्या रुग्णात तसे होत नाही. ज्या भागांत वाटा मोकळ्या आहेत ते लवकर रिकामे होतात, आणि जिथे वाटा आकसलेल्या किंवा चिकट स्रावाने अडलेल्या आहेत ते रेंगाळत, उशिरा रिकामे होतात. उशिरा येणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड अधिक असतो, म्हणून रेषा शेवटपर्यंत चढतच राहते. ती खऱ्या उंचीला पोहोचण्याआधीच व्हेंटिलेटर पुढचा श्वास देतो आणि मॉनिटर त्या अर्धवट चढणीच्या टोकाला ईटीसीओटू म्हणून दाखवतो. पुस्तकांत या आकाराला शार्कच्या पंखाची उपमा दिलेली असते. आपण लिहिलेली छपराची उतरण मला अधिक नेमकी वाटली.

दुसरे कारण डेड स्पेसचे. सीओपीडीमध्ये काही वायुकोशांच्या भिंती आणि त्यांतल्या केशवाहिन्या नष्ट झालेल्या असतात. तिथे हवा पोहोचते, पण रक्त पोहोचत नाही, त्यामुळे ती हवा जशी गेली तशीच कार्बन डायऑक्साइडशिवाय परत येते आणि चांगल्या भागांतून आलेल्या हवेला पातळ करते. आपल्या रुग्णाचे आकडे घेतले तर ५४ मधून २९ वजा केल्यावर २५ उरतात, आणि त्यांना ५४ ने भागले की सुमारे ०.४६ येते. ढोबळमानाने बोलायचे तर वायुकोशांपर्यंत जाणाऱ्या हवेचा ४६ टक्के भाग या रुग्णात वाया जात आहे. लहर अपुरी असल्यामुळे हा अंदाजच आहे, परंतु आजाराची तीव्रता कळण्यासाठी तो पुरेसा बोलका आहे.

म्हणून आपल्या सहकारी परिचारिकेच्या सूचनेबद्दल मला स्पष्टपणे लिहावेसे वाटते. रक्तात ५४ असताना केवळ मॉनिटरवरचे २९ पाहून रेट कमी केला, तर कार्बन डायऑक्साइड आणखी साचून रक्ताची आम्लता वाढू शकते. रेट कमी केल्याने सीओपीडीच्या रुग्णाला श्वास सोडायला जास्त वेळ मिळतो आणि काही वेळा ते हिताचे ठरते, हे खरे आहे. पण तो निर्णय पीएच, छातीत अडकून राहणारी हवा आणि रक्तदाब पाहून घ्यायचा असतो. मॉनिटरवर २९ दिसले एवढे कारण त्याला पुरत नाही. शिवाय या रुग्णांमध्ये पूर्वीपासूनच कार्बन डायऑक्साइड जास्त राहत असल्यास त्यांना ओढूनताणून ४० वर आणायचे नसते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की नोंद जरूर ठेवावी, मात्र ती एकट्या आकड्याची नसावी. एबीजीसाठी रक्त काढताना त्याच मिनिटाचा ईटीसीओटू लिहावा आणि दोघांमधला फरक वेगळ्या रकान्यात मांडावा. दोन एबीजींच्या मधल्या काळात ईटीसीओटू कोणत्या दिशेने जातो, हे पाहावे. हा आकडा तीन गोष्टींवर हलतो: शरीरात किती कार्बन डायऑक्साइड तयार होतो, रक्त तो फुफ्फुसापर्यंत किती आणते, आणि श्वास तो किती बाहेर टाकतो. ताप, थरथर किंवा झटके आले तर तो वाढतो. आणि व्हेंटिलेटरचे एकही बटण न हलवता तो २९ वरून १८ वर घसरला, तर श्वासाकडे नव्हे, आधी रक्ताभिसरणाकडे पाहावे. रक्तदाब कोसळत असेल, रक्तस्राव होत असेल किंवा फुफ्फुसाच्या धमनीत गुठळी अडकली असेल, तर फुफ्फुसात पोहोचणारे रक्तच घटते आणि ईटीसीओटू खाली येतो. त्या वेळी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला नसतो, अनेकदा तो वाढलेला असतो. दोघांमधला फरक कायम एकसारखा राहील हे गृहीत धरू नये, असे मी म्हणतो ते याच कारणाने. फरक वाढला की रुग्णाचे काहीतरी बदलले आहे असे समजावे.

उत्तर – बायोमेडिकल तंत्रज्ञ

वरील उत्तर वैद्यकीय बाजूने पूर्ण आहे. मी यंत्राच्या बाजूने लिहितो, कारण "यंत्र बिघडले" असे सांगून आमच्याकडे येणाऱ्या कॅप्नोग्राफांपैकी बऱ्याच यंत्रांत मोजमापाचा भाग शाबूत असतो आणि अडचण नळीत सापडते.

मोजण्याचे तत्त्व साधे आहे. कार्बन डायऑक्साइडचे रेणू सुमारे ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषून घेतात. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात वायूंच्या या गुणधर्माचा अभ्यास केला होता आणि कार्ल लुफ्ट यांनी १९४३ मध्ये अवरक्त किरणांवर चालणारे वायुविश्लेषक यंत्र मांडले. आजच्या मॉड्यूलमध्येही एका बाजूने किरण सोडला जातो, मधून रुग्णाची हवा जाते आणि पलीकडे किती किरण पोहोचला त्यावरून दाब काढला जातो. नळीच्या तोंडालाच सेन्सर बसवलेला असेल तर त्याला मेनस्ट्रीम म्हणतात. त्यात बाष्प साचू नये म्हणून सेन्सर गरम ठेवलेला असतो. बारीक नळीतून थोडी हवा ओढून मॉनिटरमध्ये मोजली जात असेल तर तो साइडस्ट्रीम. यात मिनिटाला ५० ते २०० मिलिलिटर हवा ओढली जाते, त्यामुळे लहर प्रत्यक्ष श्वासाच्या किंचित मागे असते.

साइडस्ट्रीमचा खरा शत्रू पाणी आहे. रुग्णाचा श्वास उबदार आणि दमट असतो, तो थंड नळीत आला की थेंब धरतो. मी एकदा एका खाटेजवळ बराच वेळ मॉनिटरची सेटिंग तपासत बसलो होतो आणि शेवटी लाइन प्रकाशासमोर धरली, तेव्हा जोडणीच्या अलीकडे वीतभर अंतरावर तांदळाच्या दाण्याएवढा थेंब प्रत्येक श्वासाला पुढेमागे हलताना दिसला. लहर तेवढ्या एका थेंबाने बुटकी आणि गोलसर झाली होती. लाइन बदलली आणि पुढच्याच श्वासाला चौकोन परत आला. असा थेंब दिसला तर सिरिंजने हवा मारून तो मॉनिटरच्या दिशेने ढकलू नये, कारण पाणी आत गेले तर मॉड्यूल खरोखरच बिघडते. लाइन बदलावी, पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप रिकामा करावा किंवा नवा बसवावा, आणि जोडणीवरचे सॅम्पलिंगचे तोंड नेहमी वरच्या बाजूला ठेवावे म्हणजे सर्किटमधले पाणी उतरून लाइनमध्ये शिरत नाही. नेब्युलायझेशन चालू असताना औषधाचे तुषारही लाइनमध्ये ओढले जातात, याकडे लक्ष असावे.

दुसरी नेहमीची अडचण गळतीची. लाइनचे टोक सैल असेल किंवा नळीला चीर असेल तर खोलीतली हवाही आत ओढली जाते आणि आकडा खोटा कमी दिसतो. याची ओळख लहरीत होते: पठार बुटके असते, आणि व्हेंटिलेटरचा पुढचा श्वास सुरू होताना वाढलेल्या दाबामुळे गळती क्षणभर थांबून शेवटी एक लहानसे टोक वर उठते. मॅडम, आपल्या वर्णनात असे टोक नाही आणि शेजारी मॉड्यूल चांगले चालले, म्हणून मीही यंत्रावर दोष ठेवणार नाही. मात्र आपण शेजारच्या खाटेवर नवी लाइन वापरली होती. तेव्हा पहिल्या रुग्णाचीही लाइन एकदा बदलून पाहिल्याशिवाय ही शंका पूर्ण मिटली असे म्हणता येणार नाही.

मॉनिटरवर शंका आली की मी आधी स्वतः नव्या लाइनमध्ये श्वास सोडून पाहतो. चाळिशीच्या आसपास आकडा आणि चौकोनी लहर आली की मॉड्यूल ढोबळमानाने ठीक आहे असे धरतो आणि मग रुग्णाच्या बाजूचे सांधे तपासतो. अचूक तपासणी प्रमाणित वायूनेच करावी लागते. एककही पाहावे. काही मॉनिटर किलोपास्कलमध्ये लावलेले असतात. १ किलोपास्कल म्हणजे ७.५ मिलिमीटर पारा. तिथे ५ हा आकडा अगदी सामान्य असतो, पण सवय नसलेला माणूस तो पाहून घाबरतो.

तान्ह्या बाळांविषयी थोडेसे. तीन किलोच्या बाळाचा एक श्वास जेमतेम १५ ते २० मिलिलिटरचा असतो. त्यातून मिनिटाला २०० मिलिलिटर ओढणारे यंत्र लावले तर मधे ताजी हवा मिसळून आकडा कमी येतो. तिथे कमी हवा ओढणारे मॉड्यूल घ्यावे.

उत्तर – अतिदक्षता विभागातील ज्येष्ठ परिचारिका

ताई, तुमच्या प्रश्नातल्या ज्या वाक्याने मी अस्वस्थ झाले ते आकड्यांचे नव्हते. अलार्म बंद करायला लावला, हे वाक्य मी दोनदा वाचले. आकडा जुळत नसेल तर अलार्मची मर्यादा त्या रुग्णाला साजेशी करून घ्या, डॉक्टरांना तसे लिहून द्यायला सांगा, पण अलार्म बंद ठेवू नका. ईटीसीओटू ५४ शी जुळो अथवा न जुळो, ती लहर दर श्वासाला आणखी एक गोष्ट सांगत असते, ती म्हणजे श्वासासाठी घातलेली ट्यूब श्वासनलिकेत आहे आणि हवा ये-जा करते आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका रुग्णाला स्कॅनसाठी नेत होतो. ट्रॉलीवरून टेबलावर घेताना चौघांनी चादर उचलली, आणि ठेवल्याबरोबर माझे लक्ष मॉनिटरकडे गेले तर पिवळी लहर नाहीशी होऊन सरळ रेषा झाली होती. सॅच्युरेशन ९८ होते. नाडी ठीक होती. सोबतच्या एकाने लाइन निघाली असेल म्हणून ती चाचपायला सुरुवात केली. आमच्या डॉक्टरांनी मात्र आधी छातीकडे पाहिले, हाताने श्वास देण्याची अंबू बॅग लावून दाबली, छाती हलत नाही हे दिसताच ट्यूब काढून मास्कने श्वास दिला आणि पुन्हा इंट्युबेट केले, म्हणजे नवी ट्यूब घातली. सॅच्युरेशन घसरायला लागले ते या सगळ्याच्या मध्यावर, आणि तोपर्यंत नवी ट्यूब बसत आली होती. शरीरात साठलेला ऑक्सिजन संपेपर्यंत पल्स ऑक्सिमीटरला काही कळत नाही, श्वास थांबल्याचे कॅप्नोग्राफला मात्र त्याच श्वासाला कळते. त्या दिवसापासून रुग्णाला कूस बदलताना, सक्शन करताना किंवा खाटेवरून हलवताना माझी एक नजर लहरीवर असते.

ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची देशव्यापी पाहणी झाली होती. एनएपी-४ या नावाने ओळखला जाणारा तिचा अहवाल २०११ मध्ये आला. अतिदक्षता विभागातल्या श्वासमार्गाशी संबंधित मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत कॅप्नोग्राफी न वापरणे हे एक कारण असावे, असे त्यात नमूद केले होते. त्यानंतर तिथे "लहर नाही, तर ट्यूब चुकीच्या जागी" अशा अर्थाची मोहीम चालवली गेली. ट्यूब अन्ननलिकेत गेली असता जठरातल्या वायूमुळे पहिल्या काही श्वासांना लहान लहरी दिसू शकतात, पण त्या झपाट्याने विरतात. म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये किमान सात श्वास टिकणारी आणि तळापासून किमान ७.५ मिलिमीटर पारा उंचीची लहर मागितली आहे. छातीवर स्टेथोस्कोप लावून आवाज आला किंवा ट्यूबमध्ये बाष्प दिसले, एवढ्यावर ट्यूब बरोबर आहे असे मानू नये. दोन्ही खुणा फसवतात, हे अनेक अनुभवी लोकांनी फार मोठी किंमत देऊन शिकले आहे.

लहर उजव्या मुख्य श्वासनलिकेत सरकलेल्या ट्यूबविषयी मात्र काही सांगत नाही, कारण एका फुफ्फुसातूनही छान चौकोन येतो. तिथे दोन्ही बाजूंचे आवाज, ट्यूबवरचा सेंटिमीटरचा आकडा आणि एक्स-रे हेच पाहावे लागतात.

प्रश्नकर्तीचा पुढचा प्रश्न

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. अलार्म मी डॉक्टरांशी बोलून कालच पुन्हा सुरू करून घेतला आणि खालची मर्यादा २० वर ठेवली आहे. पहिल्या रुग्णाची लाइनही बदलली. आकडा आणि आकार दोन्ही तसेच राहिले.

ताईंचे उत्तर वाचून एक जुनी शंका वर आली. गेल्या आठवड्यात एका रुग्णाचे हृदय थांबले आणि सीपीआर चालू असताना ईटीसीओटू ८ ते १२ दिसत होता. लहरी बुटक्या होत्या, पण होत्या. ट्यूब चुकीच्या जागी असेल का, अशी चर्चा त्या घाईत झाली. अशा वेळी काय समजावे?

उत्तर – आपत्कालीन विभागातील डॉक्टर

सीपीआर चालू असताना दर दाबाला आणि दर श्वासाला टिकून राहणारी बुटकी लहर ही ट्यूब बरोबर जागी असल्याचीच खूण आहे. हृदय थांबल्यावर फुफ्फुसांकडे जाणारे रक्त छातीवरच्या दाबावर अवलंबून असते आणि उत्तम सीपीआरनेही ते नेहमीच्या साधारण पाव ते एक तृतीयांशच असते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड शरीरात असूनही फुफ्फुसांत थोडा पोहोचतो. "हृदय थांबले आहे म्हणून लहर येणार नाहीच" हा समज घातक आहे. लहर पूर्णपणे सपाट असेल तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असे धरून तपासावे. रंग बदलणाऱ्या साध्या डिटेक्टरवर मात्र या परिस्थितीत विसंबू नये, कारण इतक्या कमी दाबाला त्याचा जांभळा रंग पुरेसा पिवळा होत नाही.

तोच आकडा पुढे दाब देणाऱ्याचे कामही दाखवतो. माझ्या गटात मी एकाला फक्त मॉनिटर पाहायला उभे करतो. दाब देणारा दमला की साधारण दोन मिनिटांच्या आतच आकडा १५ वरून ११, मग ९ असा उतरतो. दमलेल्या माणसाला स्वतःला ते जाणवलेले नसते. माणूस बदलला आणि छाती पुरेशी खोल दाबली जाऊ लागली की आकडा परत चढतो. तो १० च्या वर आणि शक्य तर २० च्या जवळ ठेवण्याचा प्रयत्न करावा. १२ वरून एकाएकी ३५-४० वर उडी गेली तर हृदय पुन्हा सुरू झाल्याची ती बहुधा पहिली खूण असते आणि नाडी चाचपण्याआधी दिसते. सोडियम बायकार्बोनेट दिल्यावरही आकडा काही काळ वाढतो, म्हणून औषध कधी दिले ते लक्षात ठेवावे. ॲड्रेनलिननंतर तो किंचित घटू शकतो.

ट्यूब टाकलेल्या रुग्णात २० मिनिटांच्या उत्तम सीपीआरनंतरही आकडा १० च्या खालीच राहिला, तर रुग्ण परत येण्याची शक्यता फार कमी असते. पण प्रयत्न थांबवण्याचा निर्णय या एकाच आकड्यावर घेऊ नये. मूळ कारण, हृदयाची लय, किती वेळ गेला, हे सर्व एकत्र पाहावे लागते. आपल्या रुग्णाच्या ८ ते १२ मध्ये मी आधी दाबाची खोली पाहिली असती.

प्रश्नकर्तीकडून

माझ्या पहिल्या रुग्णाविषयी कळवण्यासाठी लिहीत आहे, कारण भूलतज्ज्ञ सरांनी सांगितलेला फरकाचा रकाना मी त्याच दिवसापासून चार्टवर पेन्सिलने आखला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरक २४ होता. दुपारी डॉक्टरांनी श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधाचे नेब्युलायझेशन वाढवले. मी सक्शन केले तेव्हा बराच घट्ट, दोऱ्यासारखा स्राव निघाला. संध्याकाळी ईटीसीओटू २९ वरून ३४ वर गेला. आठवड्यापूर्वी हा आकडा पाहून मी नक्कीच डॉक्टरांना बोलावले असते आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे असे सांगितले असते. या वेळी मी आधी लहर पाहिली. उतरण कमी झाली होती आणि वरच्या टोकाला थोडी सपाट कड दिसू लागली होती. त्याच सुमारास काढलेल्या एबीजीमध्ये पीएसीओटू ४९ आला. म्हणजे मॉनिटरवरचा आकडा ५ ने वाढला होता आणि रक्तातला ४ ने कमी झाला होता. फरक २४ वरून १५ वर आला होता.

अलार्म बंद करायला सांगणारे डॉक्टर रात्रीच्या राउंडला आले, तेव्हा मी त्यांना तिन्ही रकाने दाखवले. त्यांनी मॉनिटरवरची लहर बराच वेळ पाहिली, सकाळचा छापील आलेख मागून घेतला आणि दोन्ही शेजारी धरून तपासले. नंतर त्यांनी चार्टवर स्वतःच्या अक्षरात लिहिले की प्रत्येक एबीजीसोबत ईटीसीओटू, फरक आणि लहरीचा आकार नोंदवावा. सध्या रुग्णाचा फरक १३ आहे, आणि उद्या सकाळी त्यांना व्हेंटिलेटरवरून उतरवण्याची पहिली चाचणी ठरली आहे.